ट्रान्सफॉर्मरमुळे वीज लांबवर कमी नुकसानीत कशी जाते? व्होल्टेज वाढवलं तर उलट जास्त वाया जायला नको का?

मलाही आयटीआयला असताना हेच कोडं पडलेलं, आणि ते वर्गात नाही तर आमच्या विहिरीवर सुटलं. आमची 5 एचपीची मोटर डीपीपासून (म्हणजे गावातल्या वीज वाटायच्या ट्रान्सफॉर्मरपासून) पाऊणएक किलोमीटर लांब, लाईनच्या अगदी शेवटच्या टोकाला. रब्बीत सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की आमच्याकडे मीटर लावला तर 415 च्या जागी 310-320 व्होल्ट दिसायचे, मोटर नुसती घुमायची, पाणी उचलायची नाही, आणि एका हंगामात दोनदा जळाली, दोनदा भरून आणली. मधले शंभर व्होल्ट जात कुठे होते? तारेत, उष्णता होऊन.

आता मुद्दा असा की तार तापते ती करंटमुळे, आणि करंटच्या वर्गाच्या पटीत तापते म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, त्यामुळे तेवढीच पॉवर न्यायची आणि व्होल्टेज वाढवलं तर करंट आपोआप कमी होतो. 100 मेगावॅट तीन फेजच्या, म्हणजे तीन तारांच्या लाईनने 11 केव्हीवर (11 हजार व्होल्टवर) न्यायचे तर दर तारेत सव्वापाच हजार अँपिअर लागतात (तीन फेजमुळे भागताना 1.73 ने गुणलेलं व्होल्टेज धरायचं), तेच 220 केव्हीवर जेमतेम 260. करंट विसावा हिस्सा, म्हणून त्याच तारेतलं नुकसान चारशेवा हिस्सा! तुमचा घोळ बहुतेक इथे होतोय की 220 केव्ही हे तारातारांमधलं व्होल्टेज आहे, तारेच्या लांबीवर जे पडतं ते वेगळं आणि ते करंटवर ठरतं.

हे व्होल्टेज चढवायचं काम ट्रान्सफॉर्मरचं. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेच्या वेढ्यांची दोन वायंडिंग, एकमेकांना न चिकटलेली, एकात एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट, सोडला की बदलतं चुंबकत्व दुसऱ्यात वीज उभी करतं, वेढे वीसपट तर व्होल्टेज वीसपट. फिरणारं काहीच नाही, म्हणून मोठे ट्रान्सफॉर्मर 99 टक्क्यांच्या वर पॉवर पुढे देतात. चंद्रपूर ते पडघे 752 किलोमीटरची लाईन तर 500 केव्ही डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची आहे, पण डीसी ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही ना, म्हणून चंद्रपूरला आधी एसीवरच ट्रान्सफॉर्मर लावून मग डीसी करतात आणि पडघ्याला परत उलटं.

आमच्याकडे नंतर 11 केव्हीची लाईन थेट विहिरीपर्यंत आली आणि खांबावर छोटा ट्रान्सफॉर्मर बसला. त्याच मोटरला आता 400 च्या वर व्होल्ट मिळतात, वडिलांनी रात्री उठून मोटरला हात लावून बघणं बंद केलं.

मग व्होल्टेज वाढवतच का नेत नाहीत? कारण इन्सुलेटर आणि टॉवर मोठे होत जातात, आणि दमट हवेत 400 केव्हीच्या लाईनखाली उभं राहिलात तर चरचर ऐकू येते, ती वीज हवेत गळते त्याचा आवाज. एकेका फेजला दोन-दोन, चार-चार तारा थोड्या अंतरावर बांधून नेलेल्या दिसतात त्या मुख्यतः ही गळती कमी करायला.