पावसात रात्री हेडलाइट चालू असूनही रस्ता का दिसत नाही? जास्त पॉवरचे एलईडी टाकू का?

बल्ब बदलायची घाई करू नका. तुम्हीच लिहिलंय की कोरड्यात ह्याच गाडीने ह्याच रस्त्यावर नीट दिसतं आणि पाऊस आला की समोर नुसता काळोख, मग दोष बल्बात कसा असेल, रस्त्यावर पडलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं ते बघायला पाहिजे. मी रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे, त्यामुळे हा विषय रोजचाच.

कोरड्या डांबरावर हात फिरवून बघा, खरखरीत लागतं, खडीची टोकं वर आलेली असतात. त्यावर हेडलाइट पडला की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडासा मागे फिरून आपल्या डोळ्यात येतो, तेवढ्या जोरावरच आपण गाडी चालवतो. पाऊस पडला की खडीमधल्या फटी पाण्याने भरतात, वर पाण्याचा सपाट थर बसतो, झाला आरसा. हेडलाइट जमिनीपासून जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवर, म्हणजे 40-50 मीटर पुढे प्रकाश रस्त्याला जवळपास घासूनच जातो आणि इतक्या तिरप्या कोनात पाणी बहुतेक सगळा प्रकाश पुढेच ढकलून देतं. तुमचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात आणि त्याचा तुमच्या डोळ्यात. आता बल्ब दुप्पट पॉवरचा टाकलात तरी तो जास्तीचा उजेडसुद्धा पुढेच जाणार ना? त्यात हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाहेरचा एलईडी बसवला की प्रकाश वर फाकतो आणि पावसाच्या थेंबांवरून उलटा तुमच्याकडेच येतो.

आपल्या महाराष्ट्रात अजून एक भर पडते. आपली खडी बहुतेक काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. जिथे फिकट दगड वापरतात तिथे वरचं डांबर घासून गेलं की रस्ता उजळ दिसायला लागतो, आपला जुना झाला तरी काळपटच राहतो. काँक्रीटचा रस्ता रंगानेच उजळ, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून डांबरी रस्त्याला उतरलात की रात्री फरक लगेच जाणवतो.

पांढरे पट्टे पण पावसात गायब होतात त्याचं कारण वेगळं आहे. पट्ट्याच्या पेंटवर काचेचे बारीक मणी टाकलेले असतात, ते प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. पण हवेतून काचेत शिरताना प्रकाश जेवढा वाकतो तेवढा पाण्यातून काचेत शिरताना वाकत नाही, त्यामुळे मणी पाण्याखाली गेले की त्यांचं कामच बंद. म्हणून कॅट्स आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले चमकणारे रिफ्लेक्टर लागतात, ते रस्त्यापेक्षा उंच असतात, पाणी त्यांच्यावर थांबत नाही. यॉर्कशायरच्या पर्सी शॉने 1934 साली त्याचं पेटंट घेतलं, त्याच्या मूळ डिझाइनमध्ये गाडीचं चाक वरून गेलं की रबर दाबलं जाऊन काच आपोआप पुसली जायची, काय डोकं असेल बघा! आणि आपल्याकडे काम उरकायच्या घाईत पट्टे आणि कॅट्स आय शेवटी राहून जातात, मला ह्याची खरंच चीड येते, कारण पावसाळी रात्री ड्रायव्हरला रस्ता कुठे वळतो ते सांगणारं दुसरं काही उरतच नाही.

तुम्ही काय करायचं म्हणाल तर बल्बचे पैसे नव्या वायपर ब्लेडवर घाला आणि पुढची काच आतून स्वच्छ पुसा, आतल्या तेलकट थरामुळे समोरचा लाइट सगळ्या काचेवर पसरतो (बाइक असेल तर चरे पडलेला व्हायझर आधी बदला). लो बीमच ठेवा. समोरून गाडी आली की तिच्या लाइटकडे बघू नका, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि स्पीड एवढाच ठेवा की जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. आणि रस्त्याचा एखादा तुकडा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत, चकचकीत दिसला तर तो पाण्याने भरलेला खड्डा असू शकतो, किती खोल आहे ते वरून अजिबात कळत नाही, त्यात चाक घालू नका.