दाजी कुंदा घेऊन येतात आणि बहीण परत जाते

प्रश्न : ताई, आम्ही चंदगड तालुक्यातले. धाकटी बहीण खानापूरकडे दिली आहे. दाजी बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. पाच वर्षांत ती चार वेळा मार खाऊन माहेरी आली. दर वेळी आठ-दहा दिवसांनी दाजी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन येतात, आईच्या पाया पडून रडतात, आणि ही पोराला काखोटीला मारून निघते. मागच्या खेपेला आली तेव्हा आवाज बसला होता, गळ्याला ओढणी गुंडाळलेली. सर्दी झाली म्हणाली. वडील म्हणतात, आता आली तर दार उघडायचं नाही. मी जाऊन त्याला दोन ठेवून देऊ का? कोर्टात जावं तर ते कर्नाटकात, कागद सगळे कन्नडमध्ये. तिला सांगून सांगून आम्ही थकलो.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओढणीपाशी अडखळले. तुम्ही ते एका ओळीत सांगून पुढे गेलात. बेळगाव आणि खानापूरच्या गावांतून बायकांशी बोलत मी जे काम करते, त्यात एक प्रश्न मी कधीच गाळत नाही : त्याने कधी गळा दाबला का? बसलेला आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही त्याची लक्षणं असतात. पुष्कळदा गळ्यावर वळ दिसतही नाही. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबला होता अशा बायकांचा पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक आढळली. म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्या असं तुम्हाला कळवलं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला एकट्या तुमचीच येत नाहीत.

आता कुंदा. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मार खाणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेऊन 1979 साली एक चक्र मांडलं : घरात ताण साचत जातो, मग मार, मग रडणं, माफी, लाड. प्रत्येक घरात ते असंच फिरतं असं नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. तुमच्या पत्रात मात्र ते चार वेळा जसंच्या तसं फिरलेलं दिसतं. तो डबा त्या माराचाच भाग आहे. भीतीने अर्धमेलं झालेल्या माणसाला मारणाऱ्याच्याच हातून माया मिळाली की तो जीव तिथेच अडकतो. तिला वाटतं, हाच खरा नवरा, तो दुसरा कुणीतरी. त्यात तुम्ही सगळ्यांनी तो कुंदा खाल्लात. रागावू नका, पण तिला त्यातून काय कळलं असेल? तिच्या जागी मीही परत गेले असते.

दोन ठेवून देऊ नका. तुम्ही गाडीवर बसून निघून याल, हिशेब तिच्याकडून चुकता होईल. आणि वडिलांना माझा निरोप सांगा : बाई घर सोडायला निघते तेव्हा आणि सोडल्यानंतरचे काही महिने तिला सगळ्यात जास्त धोका असतो. नेमकं तेव्हा दार उघडं हवं.

कोर्टाचं ओझं मनावर घेऊ नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 27 सीमेवरच्या माणसांनी पाठच करावं. बाई तात्पुरती का होईना जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो. म्हणजे माहेरी आली की अर्ज तुमच्याकडेच, मराठीत. आणि तो आदेश देशभर लागू, खानापुरातही. वकिलाचा खर्च नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. महिलांसाठी 181 आणि जिवावर बेतलं तर 112 हे दोन्ही नंबर तिच्या तोंडपाठ असू देत.

तिचं आधार कार्ड, पोराचा जन्मदाखला, पासबुक हळूहळू तुमच्याकडे आणून ठेवा. तिच्याशी एक खुणेचं वाक्य ठरवा. “आईचा गुडघा कसा आहे?” असं तिने फोनवर विचारलं की तुम्ही काही न विचारता निघायचं. परत का गेलीस, हा प्रश्न मात्र तिला पुन्हा विचारू नका.

आणि हा अंक तिच्या घरी नेऊ नका. त्याची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा फोन करून तिला वाचून दाखवा.