एक्सआरडीत पॅलेडियम दिसले नाही, म्हणजे ते विखुरलेच असे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एसएसझेड-13 या झिओलाइटवर (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सच्छिद्र स्फटिकावर) वजनाने 1 टक्का पॅलेडियम चढवले, एक्सआरडीत (स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) पॅलेडियम ऑक्साइडचे एकही शिखर आले नाही, म्हणून सगळे पॅलेडियम अणुपातळीवर विखुरले असे तुम्ही मानले, मात्र नायट्रिक ऑक्साइड साठवण्याची क्षमता हिशेबाच्या निम्मीच भरली. माझ्या मते मोजमापात काही गैर नाही. गैर आहे ते मधले गृहीतक.

एवढ्या कमी प्रमाणातले, दोन-तीन नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले ऑक्साइडचे कण एक्सआरडीत बहुधा दिसतच नाहीत. त्यामुळे कोरा आलेख फक्त मोठे कण नसल्याचे सांगतो. थंड इंजिनाच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवण्याचे काम मुख्यतः झिओलाइटच्या पोकळीतल्या आयनरूप (विद्युतभारित) पॅलेडियमचे असते. ऑक्साइडचा कण कितीही बारीक असला तरी त्या कामात त्याचा वाटा फारसा नसतो. (मिथेन जाळायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हाच ऑक्साइड उपयोगी पडतो.) म्हणून ‘किती बारीक’ यापेक्षा ‘कोणत्या रूपात आणि कुठे’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आता हिशेब पाहू. 1 टक्का पॅलेडियम म्हणजे ग्रॅममागे सुमारे 0.094 मिलिमोल. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे गुणोत्तर 12 धरले, तर त्याच ग्रॅममध्ये ॲल्युमिनियम सुमारे 1.28 मिलिमोल, म्हणजे पॅलेडियमच्या तेरा-चौदा पट असते. एवढ्या जागा मोकळ्या असताना आयन बसायला अडचण कसली, असे कोणालाही वाटेल. परंतु पॅलेडियमच्या आयनावर दोन धनभार असतात आणि प्रत्येक ॲल्युमिनियम सांगाड्याला एकच ऋणभार देतो, त्यामुळे आयन घट्ट बसायला सांगाड्यातल्या अणूंच्या एकाच कड्यात, विशेषतः सहा सदस्यांच्या कड्यात, दोन ॲल्युमिनियम असावे लागतात. अशा जोड्या एकूण ॲल्युमिनियमच्या मानाने थोड्याच असतात, आणि झिओलाइट कोणत्या पद्धतीने वाढवले यावर त्यांची संख्या अवलंबून असल्याने समान गुणोत्तराचे दोन नमुनेही वेगळे वागतात. एकट्या ॲल्युमिनियमपाशी पॅलेडियम एक हायड्रॉक्सिल सोबत घेऊन बसते, पण ते बसणे तितके स्थिर नसते. ॲल्युमिनियम वाढवून जोड्या वाढवता येतात, मात्र तसे केल्यास गरम वाफेत सांगाडा टिकून राहण्याची क्षमता घटते; ही ओढाताण या विषयात कायमची आहे.

दुसरी शंका बनवण्याच्या पद्धतीची. एसएसझेड-13 च्या आठ सदस्यांच्या कड्याचे तोंड जेमतेम 3.8 अँगस्ट्रॉमचे आहे आणि पॅलेडियमचे चार अमोनियांचे संयुग, भोवतीच्या पाण्यासह, त्यातून सहजी आत शिरत नाही. परिणामी बराच भाग बाहेरच्या पृष्ठभागावर राहतो आणि कॅल्सिनेशनमध्ये (हवेत तापवून संयुग विघटित करताना) तिथेच ऑक्साइड होतो. हायड्रोजन किंवा सोडियम रूपाऐवजी अमोनियम रूपातल्या झिओलाइटपासून सुरुवात केल्यास विखुरणे सुधारते, असा प्रकाशित अनुभव आहे. कॅल्सिनेशन कोरड्या हवेच्या भरपूर प्रवाहात आणि सावकाश तापमान वाढवत करावे, कारण घाई केल्यास संयुगातला अमोनियाच पॅलेडियमचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, धातूचे गोळे बनवतो. आपल्या मुंबईच्या पावसाळ्याचीही एक भर आहे: उघड्यावर ठेवलेले झिओलाइट भरपूर पाणी शोषून बसते, तेव्हा टीजीएवरून (तापवताना वजन किती घटते ते मोजून) कोरडे वजन काढल्याशिवाय तुमचा 1 टक्का खरोखर 1 टक्का आहे की नाही हे कळणार नाही.

तपासणीत हायड्रोजन टीपीआर (हायड्रोजनमध्ये तापमान वाढवत क्षपण मोजणारी चाचणी) सर्वांत उपयोगी ठरेल. बाहेरचे ऑक्साइडचे कण साधारण खोलीच्या तापमानाला किंवा त्याखालीच क्षपण पावतात, तर जोडीपाशी बसलेले आयन 100 अंश सेल्सियसच्या पुढे. म्हणून यंत्र शून्याखालून सुरू करावे, नाहीतर ऑक्साइडचा वाटा मोजणी सुरू होण्याआधीच निघून जातो. साठ-सत्तर अंशांच्या आसपास उलटे शिखर आले तर ते पॅलेडियम हायड्राइड फुटल्याचे, अर्थात धातूचे मोठे कण असल्याचे चिन्ह समजावे. कार्बन मोनॉक्साइडच्या अवरक्त वर्णपटात 2000 प्रति सेंटीमीटरच्या खालचे पट्टे धातूचे आणि 2100 च्या वरचे आयनांचे असतात, मात्र हा वायू स्वतःच आयनांचे क्षपण करतो, त्यामुळे नमुना थंड आणि कोरडा हवा. केमिसॉर्प्शनच्या (पृष्ठभागावर वायू किती चिकटतो ते मोजणाऱ्या) यंत्राने दिलेली ‘डिस्पर्शन’ची टक्केवारी इथे मी विचारातही घेणार नाही, ती धातूच्या कणांसाठी बेतलेली आहे.

शिवाय हे विखुरणे एकदा झाले म्हणजे तसेच राहते असेही नाही. कोरड्या हवेत 600 ते 750 अंशांपर्यंत तापवल्यास ऑक्साइडचे लहान कण झिओलाइटच्या प्रोटॉनांशी अभिक्रिया करून आयन बनतात आणि पाणी बाहेर पडते. साहजिकच हवेतली वाफ ही अभिक्रिया मागे रेटते. गाडीच्या धुरात वाफ कायम असते आणि थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटांत कार्बन मोनॉक्साइडही. तो कमी तापमानाला फायद्याचा आहे, कारण नायट्रिक ऑक्साइडसह एकाच आयनावर बसून तो पाण्याची स्पर्धा कमी करतो. परंतु गरम अवस्थेत पुनःपुन्हा आल्यास तोच पॅलेडियमला धातू बनवून एकत्र आणतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड नष्ट करणारी युरियाची फवारणी साधारण 180 ते 200 अंशांनंतरच होते. मुंबईत थंडी नसली तरी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रांगत जाणाऱ्या गाडीचा धूर बराच वेळ त्याखाली राहू शकतो, म्हणून कोरड्या वायूत मिळालेल्या आकड्यावरून गाडीचा अंदाज बांधू नये.

तुम्ही आधी त्याच नमुन्याचा अर्धा भाग कोरड्या हवेत 750 अंशांवर काही तास ठेवून दोन्ही भागांचे टीपीआर आणि साठवण मोजा. साठवण वाढली, तर बाहेर राहिलेला ऑक्साइड हे कारण. न वाढल्यास जोड्याच अपुऱ्या आहेत असे धरून पॅलेडियम अर्ध्या टक्क्यावर आणा आणि दर अणूमागची साठवण पाहा.