उभं आहे ते आधी राख

तुझा मेसेज दोनदा वाचला. काजूच्या बागांमधे उरलेली दीड-दोन एकराची देवाची राई, तेवढ्यासाठी गावात राहायचं की पीएचडी करून एखाद्या मोठ्या अभयारण्यात काम बघायचं, आणि खाली लगेच, एका कंपनीच्या सीएसआर म्हणजे समाजकार्याच्या निधीतून पाच हजार रोपं मिळतायत ती राईत कुठे लावू? खरं सांगू का, राग आला. तुझ्यावर नाही गं, झाडं वाचवणं म्हणजे झाडं लावणं असं तुम्हा पोरांच्या डोक्यात ज्यांनी भरवलं त्यांच्यावर. रोपं नकोत. उभं आहे ते आधी राख.

आणि तुकडा लहान आहे हे रडगाणं निदान तू तरी गाऊ नकोस. सिंधुदुर्गात दोडामार्गला हेवाळे-बांबर्ड्याला जाऊन ये. रानजायफळाची दलदल, सगळी मिळून अडीच हेक्टरच्या आसपास, देवाची राई म्हणून लोकांनी तिथे कोयता चालवला नाही म्हणून ती राहिली आणि २०२१ मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं बघ तिथली आणि मग मला सांग, हे कुठल्या रोपवाटिकेत पिशवीत मिळतं?

तुझ्या राईत जुना बेहडा आहे म्हणालीस, त्याला ढोली आहे का बघ. मार्च-एप्रिलात ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी अंडी घालायला आत बसते, तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर बाहेरून उंबरं नाहीतर काजऱ्याची फळं आणून भरवत राहतो. झाडाखाली वाकून बघ, विष्ठा आणि बियांचा थर असतो, पाऊस पडला की त्यातूनच कोंब येतात, कुणी खड्डा खणलेला नसतो की बॅनर लावलेला नसतो. शेजारचा बागायतदार म्हणणार झाड पोकळ आहे, सरपणाला देऊन टाकू. अगं ती पोकळीच तर हवी आहे! तुझ्या पाच हजार रोपांना अशी ढोली व्हायला किती वर्षं लागतील याचा जरा विचार कर.

राई नेहमी कुऱ्हाडीनेच मरते असंही नाही, साफसफाईने पण मरते. पातेरा, म्हणजे खाली पडलेला पाला, झाडून न्यायचा, खालची वीतभर रोपटी कोयतीने सपाट करायची, मग पेव्हर ब्लॉक, मग पत्र्याची शेड. वर मोठी झाडं उभी असतात म्हणून कुणाला काही वाटत नाही, पण खाली पोरच उरलेलं नसतं. एका गावात देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतली झाडं विकायचं ठरलं तेव्हा मी बैठकीत मागे खांबाशी बसून जीव तोडून बोलले, पण बायकांचं तिथे कोण ऐकतंय, सुरंगीची झाडं गेली, स्लॅब पडला, आणि पुढे तिथला व्हाळ, म्हणजे ओढा, शिमग्याआधीच आटायला लागला. ते अजून सलतं. म्हणून पुढच्या गावात राईतून रस्ता निघाला तेव्हा मी हटलेच नाही. हिने गावाचा रस्ता अडवला असं अजून बोलतात, बोलू देत. रस्ता झाला की, बाहेरून वळसा घालून झाला, गाड्या जातायत. वाईटपणा आला माझ्याकडे पण राई उभी आहे, आणि उद्या तशीच वेळ आली तर मी तेच करेन.

तू मात्र भांडणाने सुरुवात करू नकोस. आधी गुरवाकडे जा, मग मानकऱ्यांकडे, पीपीटी घरी ठेव. सातबारा काढ, काही राया महसूलच्या नावावर असतात, काही देवस्थानच्या, काही कुणा घराण्याच्या, आणि हे माहीत नसताना बोलायला गेलीस तर पहिल्याच वाक्याला गप्प करतील. काजूवाल्याशी नीट बोल, तोही कर्ज काढूनच बसलाय. त्याच्याकडे बांध मागू नकोस, फक्त राईच्या कडेची उक्षी-करवंदाची जाळी तेवढी तोडू नको म्हण. ती गेली की ऊन-वारा आत शिरतो, रानमोडीचं तण माजतं आणि वणव्याला वाट मिळते.

पीएचडीचं म्हणशील तर कर ना, पण विषय हीच राई घे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तकांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून नोंदवल्या, त्यातली कुठली आज कशी आहे एवढं बघायलाही माणसं कमी पडतायत. अभयारण्याला निदान रखवालदार असतो, तुझ्या राईला कोण आहे?

शिमग्याला मुंबईची माणसं येतील तेव्हाच बैठक लाव, नाहीतर इथे ठरलेलं तिथून फोनवर मोडतं. सीएसआरवाल्यांना सांग रोपं नकोत, जानेवारीत राईभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढायची मजुरी द्या, नसेल जमत तर राहू दे. आणि सातबारा हातात आला की आधी मला फोटो पाठव, इतर हक्काच्या रकान्यासकट.