‘पर्प्युरा फुल्मिनन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: नवजात बाळांच्या कक्षात पालकांसाठी एक पत्रक करायचं आहे. त्यात ‘पर्प्युरा फुल्मिनन्स’ला, म्हणजे कातडीवर झपाट्याने जांभळे-काळे डाग पडण्याच्या गंभीर आजाराला, ‘तडिताघाती नीलारुणी’ म्हटलं तर चालेल का? की सरळ ‘जांभळ्या पुरळाचा रक्तस्रावी रोग’ म्हणावं?

दोन्ही नकोत, असं मला वाटतं. पण आधी मूळ नावाकडे पाहू, कारण ते नेमकं आहे. ‘पुर्पुरा’ हा लॅटिन शब्द ग्रीक ‘पोर्फिरा’वरून आला. भूमध्य समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायीपासून मिळणारा जांभळा रंग तो. ‘फुल्मेन’ म्हणजे कोसळणारी वीज. 1884 साली गेलियो यांनी अशा रुग्णाचं वर्णन केलं आणि 1887 साली बर्लिनच्या हेनॉख यांनी ‘पर्प्युरा फुल्मिनन्स’ याच नावाने या आजारावर लिहिलं. रंग आणि वेग, दोन्ही त्या नावात आहेत. सकाळी मांडीवर दिसलेला डाग संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा, मध्ये काळा आणि कडेला लाल झालेला असू शकतो.

‘तडिताघाती’मध्ये हा वेग आहे, पण रात्री दोन वाजता बाळाला छातीशी धरून उभ्या असलेल्या आईला तो शब्द वाचता येणार नाही. ‘विजेचा’ म्हणावं, तर आज वीज म्हटलं की लोकांना आधी बटण आणि शॉक आठवतो. म्हणून ‘झपाट्याने’ हा साधा शब्द घ्यावा.

‘पुरळ’ मात्र नक्की टाळा. पुरळ उठतं, डाग पडतो. ही दोन क्रियापदं मराठी माणूस कधी चुकवत नाही. गोवर उठतो, घामोळं उठतं. इथे त्वचेवर काही उठत नाही, आत रक्त अडकून डाग पडतो. काचेचा पेला डागावर दाबला तर पुरळाची लाली बहुधा क्षणभर नाहीशी होते, हा डाग तसाच राहतो. सावळ्या कातडीवर तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी, हेही पत्रकात हवं.

‘रक्तस्रावी’ या शब्दाला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. इथे दुखण्याचं मूळ नेमकं उलट आहे. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पुढचा भाग रक्ताविना काळा पडून मरतो. गुठळ्यांमध्ये रक्त गोठवणारे घटक खर्ची पडले की मग इतरत्र रक्त वाहू लागतं. ‘रक्तस्रावी’ वाचलेला बाप विचारणारच, ‘रक्त वाहतंय, मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन कशाला?’ ते इंजेक्शन बहुधा हेपॅरिनचं असतं. त्याने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही, गुठळी धरणं रोखलं जातं. ते कधी द्यायचं हे अर्थात डॉक्टर ठरवतात.

याला आपल्याकडे तयार शब्द आहे: साकळणे. लहानपणी दारात माझा अंगठा चेमटला, नख काळंनिळं झालं. आजी म्हणाली, ‘रक्त साकळलंय, चोळू नकोस.’ थंडीने गोठतं ते तेल. अडून, दाट होऊन बसतं ते साकळलेलं रक्त.

कारणं सांगतानाही जपून शब्द निवडा. रक्त नको तिथे साकळू नये म्हणून शरीरात प्रोटीन सी आणि प्रोटीन एस असतात. त्यांना ‘प्रथिन क’ आणि ‘प्रथिन स’ करू नका. 1976 साली स्टेन्फ्लो या संशोधकांना प्रोटीन सी मिळालं ते रक्तद्रवातून वेगळ्या काढलेल्या अंशांपैकी ‘सी’ अंशात, आणि प्रोटीन एसमधला एस आहे ते जिथे सापडलं त्या सिएटल शहराचा. बाळाला आईबाप दोघांकडून सदोष जनुक मिळालं, तर जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत डाग पडू लागतात. आईबाप बहुधा धडधाकट असतात. नात्यातल्या लग्नात हे जुळून येण्याची शक्यता वाढते. पण हे लिहिताना ‘दोष कुणाचा’ असा सूर येऊ देऊ नका. मोठ्या मुलांत मेनिंगोकोकससारख्या जंतूंच्या संसर्गात हे होतं. क्वचित कांजिण्या उतरत आल्यावर, शरीर स्वतःच्याच प्रोटीन एसविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं तेव्हाही.

उपचारांना थांबायला वेळ नसतो. संसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिक ताबडतोब शिरेतून. उणी प्रथिनं भरून काढायला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, तोही पुन्हापुन्हा, कारण त्यातलं प्रोटीन सी काही तासांतच कमी होतं. प्रोटीन सीचं तयार औषधही आहे, एसचं नाही. जन्मजात उणिवेत उपचार आयुष्यभर चालतात. प्रोटीन सी यकृतात तयार होत असल्याने काही मुलांना यकृतारोपणाने ते कायमचं मिळालं आहे. मेलेली कातडी काढून नवी लावावी लागते, कधी बोटं किंवा पाय गमवावा लागतो. तिथे ‘अवयवच्छेदन’ न लिहिता ‘बोट काढावं लागतं’ असंच लिहा.

मूळ नाव देवनागरीत ठेवाच, पालकांना ते डॉक्टरांसमोर उच्चारता आलं पाहिजे. शीर्षक मी असं करीन: ‘पर्प्युरा फुल्मिनन्स : कातडीतलं रक्त झपाट्याने साकळण्याचा आजार’. आणि खाली पहिलं वाक्य: ‘बाळाच्या अंगावर जांभळा किंवा काळपट डाग पडला आणि काचेचा पेला दाबूनही तो फिका होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.’