स्कूटरला पेट्रोलचा वास येतो म्हणून कॅनिस्टर काढून टाकावा का?

तुमच्या मेकॅनिकने कॅनिस्टर, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, काढून नळ्या मोकळ्या सोडायला सांगितले आहे. अजिबात ऐकू नका.

हाच सल्ला आमच्या मेहुण्यांना नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मिळाला होता. पंपावर नोझल आपोआप थांबल्यावरही ‘अजून बसेल’ म्हणत टाकीच्या तोंडापर्यंत पेट्रोल भरून घेण्याची त्यांना सवय आहे. मे महिन्यात अशी भरलेली स्कूटर उन्हात उभी राहिली की पेट्रोल प्रसरण पावते आणि जी नळी फक्त वाफेसाठी असते तिच्यातून द्रवच कॅनिस्टरमध्ये उतरते. काढलेला कॅनिस्टर ते पिशवीत घालून मला दाखवायला घेऊन आले. तो तिरपा करताच तोटीतून पेट्रोल ठिबकू लागले. आतला कोळसा भिजून निकामी झाला होता, म्हणजे दोष भरण्याच्या पद्धतीचा होता, कॅनिस्टरचा नव्हे. त्यानंतर आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वास वाढलाच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचून राहते. शिवाय इंजिनाकडची नळी उघडी राहून तिच्यातून जादा हवा शिरत असल्याने गाडी सिग्नलला बंद पडू लागली.

कॅनिस्टरने ॲव्हरेज घटते, हे मेहुण्यांचे पालुपद मला मान्य नाही. टाकीतली वाफ कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना त्याच्या ओढीने ताज्या हवेबरोबर ती इंजिनात जाऊन जळते. जी वाफ एरवी उडून गेली असती तीच वापरली जाते, तर तोटा कुठला? बीएस-६ या सरकारी प्रदूषण-मानकांमध्ये बंद कक्षातील चाचणीत दुचाकीतून 1.5 ग्रॅमपेक्षा अधिक वाफ निसटू द्यायची नाही, अशी मर्यादा आहे, आणि ती काही कोणाची हौस नव्हे: या वाफेत बेन्झिन हे कर्करोगकारक रसायन असते, आणि उन्हात नायट्रोजन ऑक्साइडांशी तिची प्रक्रिया होऊन ओझोन तयार होतो.

नळी बुजवून टाकण्याचा उपायही करू नका. टाकी याच वाटेने हवा आत घेते, ती वाट बंद झाली की टाकीत निर्वात होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही.

मात्र तुमची गाडी बीएस-४ च्या, म्हणजे 2017 च्या आधीची असेल, तर तिला बहुधा कॅनिस्टरच नसेल. मग टाकीच्या झाकणाचे रबर, तडकलेली नळी आणि ओव्हरफ्लो होणारा कार्बोरेटर तपासा. कॅनिस्टर भिजलाच असेल तर तो धुण्याच्या भानगडीत न पडता सरळ नवा बसवून घ्या.