काकडी चाखल्याशिवाय धोंडस करू नये

तुम्ही विचारलंय की आवडीच्या एखाद्या भाजलेल्या गोड पदार्थाने आयुष्याबद्दल काय शिकवलं.

खरं सांगू? चकलीतून चिकाटी आणि लाडवातून एकोपा शोधणाऱ्या लेखांचा मला जरा कंटाळाच आहे. चकली तळावी, खावी, हात धुवावेत. तरी उत्तर लिहायला बसले, कारण धोंडसाने मला एकच गोष्ट शिकवली आणि ती मला दोनदा शिकावी लागली. दुसऱ्या वेळची फी बरीच जास्त होती.

ज्यांना धोंडस माहीत नाही त्यांच्यासाठी: हा आमच्या कोकणातला काकडीचा केक. सिंधुदुर्गाकडे आणि गोव्यात यालाच तवसाळी, तवसोळी असं काहीबाही म्हणतात. काकडी म्हणजे कोशिंबिरीची कोवळी नव्हे. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘शीतल’ काकडी चांगलीच आहे, पण ती पानात वाढायला. धोंडसाला तवसं लागतं, मांडवावर पिकून पिवळं-तांबूस झालेलं, हातभर लांब, जून. मृगाच्या सुमाराला बी टाकलं की गणपतीच्या आसपास तवशी पिकायला लागतात, आणि चांगली पिकलेली पेंढ्याच्या दोरीने आढ्याला टांगली की पुढे कितीतरी दिवस टिकतात. माझ्या सासरच्या माजघरात एके काळी वर बघितलं की दहा-बारा पिवळी पोटं लोंबत असायची.

तवशाची सालं काढायची, आतला गर आणि बिया बाजूला करायच्या आणि मग किसायचं. दोन वाट्या कीस असेल तर वाटीभर तांदळाचा जाडसर रवा, तो तुपावर खमंग भाजून. पाऊण ते एक वाटी गूळ, मूठभर ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. मीठ विसरलात तर गोडाला धार येत नाही. पाणी घालायचं नाही, किसाला सुटतं तेवढंच पुरतं, काकडी म्हणजे शेकडा 95 पाणीच. सगळं एकत्र शिजवून घट्टसर झालं की जाड बुडाच्या पातेल्यात हळदीची पानं अंथरायची, वर तूप, मग मिश्रण थापायचं.

खरं कसब यानंतर. चुलीवर मंद आच आणि झाकणावर निखारे. खाली कमी, वर जास्त. उलट झालं तर बूड करपतं आणि वरचा भाग फिकट, ओलसर राहतो. आमच्याकडे वरचे निखारे करवंट्यांचे, ते चांगले तापतात आणि बराच वेळ धरून राहतात. तासभर झाकण उघडायचं नाही. हळदीच्या पानाचा वास अंगणापर्यंत आला की समजायचं. आता मी बऱ्याचदा ओव्हनमध्ये करते, बरं होतं, पण वरची ती तांबूस, किंचित धुरकट पापडी येत नाही ती नाहीच. आणि गरम खायचं नसतं बरं का. दुसऱ्या दिवशी थंड झालेल्या वडीवर घरचं लोणी.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी पहिल्यांदा सगळं माझ्या हातात दिलं. गौरी जेवून गेल्या होत्या, घरात पंधरा-सोळा माणसं. मी सुरेख धोंडस केलं. पापडी अशी की नणंदेने फोटो काढला. पहिला घास दिरांनी घेतला आणि त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, दात दुखला. धोंडस कडूजार होतं. किलोभर गूळ, दोन नारळ, अर्धी वाटी तूप, सगळं गोठ्याच्या मागे गेलं, आणि गाईनेही हुंगून मान फिरवली.

“चाखलं होतंस का गो?” सासूबाईंनी एवढंच विचारलं.

“आई, आपल्याच मांडवावरचं होतं ना,” मी म्हटलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, “मग? आपलं म्हणून गोड असतं?”

इथे थोडं विषयांतर करते, कारण आमच्याकडे अजूनही म्हणतात की शेजारी कारल्याचा वेल होता म्हणून तवसं कडू झालं. तसं नसतं. कारल्याचा आणि काकडीचा संकरच होत नाही. दुसऱ्या काकडीचे परागकण आले तरी त्याच फळाचा गर कडू होत नाही, फार तर त्या बीतून पुढच्या वर्षी काय निघेल ते बदलतं. कडवटपणा वेलाच्या वाणात असतो आणि पावसाने मध्येच दडी मारली, ऊन तापलं, वेलाला ताण बसला की वाढतो. एकाच वेलावरचं एक तवसं गोड आणि दुसरं कडू निघू शकतं. कडूपणा देठाकडे आणि सालीजवळ जास्त असतो, आणि तो शिजवून जात नाही, गुळाने झाकला जात नाही. देठ कापून चकती घासली की कडूपणा निघतो म्हणतात, माझ्या तरी कधी निघाला नाही. आणि फारच कडू असेल तर हट्टाने खाऊ नये, पोट बिघडतं.

तर हा झाला पहिला धडा, स्वस्तातला.

दुसरा 2020 सालचा. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. काम दिलं माझ्या माहेरच्या एका नातलगाला. यजमान म्हणत होते, दोघातिघांकडून दर घेऊ, त्यांची आधीची कामं बघून येऊ. मी म्हटलं, घरचा माणूस आहे, त्याची काय परीक्षा घ्यायची? अगदी हेच शब्द. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, वारा ताशी 110-120 किलोमीटर. आमच्या तालुक्यात नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या वाऱ्यात भल्याभल्यांची छपरं गेली, त्यामुळे सगळा दोष मी त्या माणसावर टाकणार नाही. पण दुसऱ्या दिवशी यजमान शिडी लावून वर चढले आणि तिथूनच मला हाक मारली. जिथे पत्र्याला चार हूक हवेत तिथे दोन, काही ठिकाणी एकच. तेही बिनवायसरचे. दोन पावसाळे आम्ही त्याखाली पाहुणे झोपवले होते.

मला तेव्हा पत्र्यांपेक्षा धोंडसच आठवलं. गोठ्यामागचं.

लोक यातून ‘नातलगांवर विश्वास ठेवू नका’ असा अर्थ काढतात, तो मला पटत नाही. सासूबाईंनी मांडवावरची तवशी वापरणं सोडलं नव्हतं. त्या फक्त प्रत्येकाची देठाकडची चकती कापून आधी तोंडात टाकायच्या, बाजारातल्याची आणि घरच्याचीही, आणि त्यात तवशाचा अपमान होतो असं त्यांना कधी वाटलं नाही. मला मात्र त्या माणसाला ‘वर चढून बघू का?’ विचारायचा संकोच वाटला होता. तो संकोच मी प्रेम समजत होते. तो नातलग आता घरी येतो-जातो, बोलणं आहे, पण पहिल्यासारखं नाही. आणि मला मनापासून वाटतं की मी तेव्हाच हूक मोजले असते तर ते पहिल्यासारखं राहिलं असतं.

नवे पत्रे घातले ते गावातल्याच दुसऱ्या मिस्त्रीने. काम संपत आलं तेव्हा मी पदर खोचून शिडीवर चढले. तो खालून म्हणाला, “वहिनी, विश्वास नाय काय?”

“आहे हो,” म्हटलं, “म्हणून तर मोजत्ये.”

उरलेले पैसे न्यायला तो गणपतीत आला. घरचं बी सगळं वादळात भिजून गेलं होतं, शेजारणीने राखेत ठेवलेल्या चार बिया दिल्या होत्या, त्यातलं पहिलं तवसं नुकतंच पिकलं होतं. चहाबरोबर त्याला धोंडसाची वडी दिली. त्याने बशी नाकाजवळ नेली, नीट वास घेतला आणि मला विचारलं, “काकडी चाखलेली हाय ना?”